मार्चचा हिरो एप्रिलमध्ये आपटतो: सिम बेसबॉलमधलं दरवर्षीचं दुखणं

सिम बेसबॉल म्हणजे मॅनेजर होऊन संघ चालवायचा कॉम्प्युटर गेम, सामने कॉम्प्युटरच खेळवतो. आधी लक्षणं जुळतात का बघा. स्प्रिंग ट्रेनिंग (सीझनआधीचे मार्चमधले सराव सामने) संपलंय. तुमच्या संघातला एरवी कोणाच्या खिजगणतीत नसलेला एक आउटफिल्डर .४०० (दहा पाळ्यांत चार हिट) मारून बसलाय. हिवाळ्यात ज्याच्यावर बजेटचा मोठा घास गेला तो फर्स्ट बेसमन .१६० वर अडकलाय. चौथ्या नंबरच्या स्टार्टरचा (सामना सुरू करणाऱ्या पिचरचा) ईआरए, म्हणजे फिल्डरांच्या चुका वगळून नऊ इनिंगमागे दिलेले रन, पाचाच्या वर. तुम्ही लाइनअप फिरवता, स्टार्टरला बुलपेनमध्ये (बदली पिचरांत) ढकलता, आणि सीझन सुरू होतो. एप्रिल संपेपर्यंत .४०० वाला .१९० वर आलेला असतो आणि ज्याला वेव्हर्सवर (इतर संघांना उचलता येईल असं) सोडलं तो दुसऱ्याच्या संघातून तुमच्याच विरुद्ध होमरन मारतो. मग गेमच्या इंजिनला शिव्या. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

माझं असं सलग चार सीझन झालं. चौथ्या वेळी एक बॅकअप कॅचर घालवला, फक्त त्याने मार्चमध्ये ३० अ‍ॅट-बॅटमध्ये (वॉक सोडून फलंदाजीच्या पाळ्या) ३ हिट मारले म्हणून. त्याची फिल्डिंग लीगमध्ये पहिल्या पाचात होती. बॅटिंगसाठी मी त्याला घेतलाच नव्हता! त्यानंतर बसून नीट बघितलं की गडबड नेमकी कुठे होतेय. मी आउट ऑफ द पार्क बेसबॉल खेळतो, पण खाली जे लिहिलंय ते रेटिंग आणि फासे यांच्यावर चालणाऱ्या कुठल्याही सिमला लागू पडेल.

पहिली तपासणी: आकडा किती अ‍ॅट-बॅटचा आहे

स्प्रिंगमध्ये संघ साधारण तीसेक सामने खेळतो, पण रोजचे खेळाडू पाचव्या इनिंगच्या आसपास बाहेर येतात आणि काही सामन्यांना जातच नाहीत. त्यामुळे एका फलंदाजाच्या वाट्याला ५० च्या आसपास अ‍ॅट-बॅट येतात. आता खरा .२७० चा फलंदाज घ्या. ५० अ‍ॅट-बॅटमध्ये त्याच्याकडून साडेतेरा हिट अपेक्षित आहेत. निव्वळ नशिबाने हा आकडा १० ते १७ यांच्यामध्ये कुठेही पडतो, म्हणजे सरासरी .२०० ते .३४०. आणि हेसुद्धा पाचात चार वेळा. पाचव्या वेळी तो या पट्ट्याच्याही बाहेर असतो. त्याचं रेटिंग तसूभरही हललेलं नसतं. पूर्ण सीझनच्या ५५० अ‍ॅट-बॅटमध्ये हीच हलचल वीसेक पॉइंटांवर (.०२०) येते, म्हणून सप्टेंबरची सरासरी माणसाबद्दल काहीतरी सांगते आणि मार्चची सांगत नाही.

.२७० आणि .३३० यांच्यातला फरक ५० अ‍ॅट-बॅटमध्ये तीन हिटचा आहे. तीन! एक शॉर्टस्टॉपच्या हाताखालून निसटलेला ग्राउंडर, एक फाउल लाइनला चाटून गेलेला चेंडू, एक उन्हात दिसेनासा झालेला फ्लाय. एवढ्यावर आपण डेप्थ चार्ट (कोण कुठे खेळणार याची यादी) बदलतो.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भांड्यातली सगळी शितं एकाच आचेवर शिजलेली असतात. स्प्रिंगमधला प्रत्येक अ‍ॅट-बॅट वेगळ्या आचेवरचा. समोरचा पिचर वेगळा, मैदान वेगळं, सामन्याचा हेतू वेगळा.

दुसरी गोष्ट पटायला मला जास्त वेळ लागला. आपण कधीच "एका" फलंदाजाकडे बघत नाही. आपण यादी सरासरीप्रमाणे लावतो आणि वरच्या नावाकडे बघतो. खऱ्या .२५० च्या फलंदाजाने ५० अ‍ॅट-बॅटमध्ये २० किंवा जास्त हिट मारण्याची शक्यता साधारण १.४ टक्के आहे. नगण्य वाटते ना? पण ३० संघ, प्रत्येकात असे दहा फलंदाज धरले तर ३०० जण झाले. म्हणजे दर मार्चमध्ये चारेक अगदी सामान्य फलंदाज .४०० च्या वर जाणारच. त्यातला एक तुमच्या संघात निघाला तर तो साक्षात्कार नव्हे, लॉटरी आहे. कोणाला तरी लागायचीच होती.

पटत नसेल तर स्वतः करून बघा. सोलो (एकट्याने खेळायची) लीग असेल तर स्प्रिंग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सेव्ह करा, त्या फाइलच्या दहा प्रती काढा आणि दहाही स्प्रिंग सिम करा. मग एकाच खेळाडूची दहा उत्तरं शेजारी ठेवा. माझा मार्चचा ताप यानेच उतरला. तेच रेटिंग, तोच संघ, आणि एका प्रतीत तो हिरो, दुसऱ्या प्रतीत कट झालेला. तुमच्या खऱ्या लीगमध्ये घडलेली स्प्रिंग ही अशीच एक अकरावी प्रत असते. ऑनलाइन लीगमध्ये हे करता येत नाही, म्हणून आधी एकदा सोलोमध्ये करून हात भाजून घेतलेला बरा.

दुसरी तपासणी: कोणता आकडा बघताय

सगळे आकडे सारखेच कच्चे नसतात. बेसबॉल प्रॉस्पेक्टसवर लिहिणाऱ्या रसेल कार्लटन यांनी हे मोजून ठेवलंय: एखादा आकडा किती संधींनंतर निम्मा खेळाडूचा आणि निम्मा नशिबाचा होतो. फलंदाजाचा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) दर सुमारे ६० प्लेट अपिअरन्समध्ये (वॉक धरून सगळ्या पाळ्या) तिथे पोचतो. वॉकला (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा फुकट बेस) १२० लागतात, होमरनला १७०. आणि मैदानात पडलेल्या चेंडूंवरच्या सरासरीला, म्हणजे बाबिपला, तब्बल ८२० चेंडू. पिचरचा स्ट्राइकआउट दर ७० फलंदाजांत, वॉक १७० मध्ये.

याचा अर्थ असा की ५५ प्लेट अपिअरन्सच्या स्प्रिंगमध्ये स्ट्राइकआउटच्या आकड्याला जवळजवळ निम्मं वजन देता येतं. बाबिपला द्यायचं चार टक्के. आणि .४०० वाल्याची सरासरी बहुतेक वेळा बाबिपवरच फुगलेली असते. त्याचे स्ट्राइकआउट उघडून बघा. ५५ मध्ये १८ वेळा के (स्ट्राइकआउट) झाला असेल तर तो गेल्या वर्षीचाच आहे, फक्त बाकीचे चेंडू मोकळ्या जागेत पडलेत.

इथे मी स्वतः एक चूक केली, ती तुम्ही करू नका. हे "निम्मं वजन" अनोळखी खेळाडूसाठी आहे, ज्याच्याबद्दल तुमच्याकडे दुसरं काहीच नाही. ज्याचे मागच्या दोन सीझनचे ११०० प्लेट अपिअरन्स तुमच्यासमोर आहेत, त्याच्या स्प्रिंगच्या ५५ ना तेही शेजारी धरून तोलायला हवं. मग स्ट्राइकआउटचंही वजन पाच टक्क्यांच्या आत येतं. थोडक्यात, स्प्रिंग जुन्या खेळाडूंबद्दल जवळपास मुकी असते आणि नव्यांबद्दल थोडंफार पुटपुटते.

पिचरच्या ईआरएबद्दल फार लिहीत नाही, एक हिशोब पुरे. १४ इनिंग, ८ अर्न्ड रन, ईआरए ५.१४. त्यातली पाच रनची एक वाईट इनिंग बाजूला काढा: १३ इनिंग, ३ रन, २.०८. हाच माणूस, एक इनिंग इकडे की तिकडे. मार्चमध्ये पिचरच्या पानावर मी ईआरएचा रकानाच लपवून ठेवतो. के आणि वॉक एवढेच उघडे.

तिसरी तपासणी: हिट कोणाविरुद्ध मारले

रोजचे खेळाडू पाचव्या इनिंगला निघून गेल्यावर मैदानात जे उरतात ते बरेचसे डबल-ए आणि ट्रिपल-एचे, म्हणजे खालच्या मायनर लीगचे. स्प्लिट स्क्वॉडच्या दिवशी संघ दोन तुकड्यांत दोन ठिकाणी खेळतो, तेव्हा तर पहिल्या इनिंगपासूनच समोर अर्धा संघ मायनर लीगचा असू शकतो. सहाव्या इनिंगला आत येणाऱ्या तुमच्या बॅकअपने जे पाच होमरन मारले ते बहुधा अशाच पिचरांना. खऱ्या बेसबॉलमध्ये ही अडचण इतकी जुनी आहे की बेसबॉल रेफरन्स स्प्रिंगच्या आकड्यांशेजारी प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जाचा वेगळा रकाना देतं.

सिममध्ये हे हाताने करावं लागतं. सगळे सामने नको, फक्त ज्याच्यामुळे तुम्ही निर्णय बदलणार आहात त्याच्या होमरनचे बॉक्स स्कोअर (सामन्यांचे धावफलक) उघडा आणि पिचरांची नावं बघा. दहा मिनिटांचं काम. एकदा माझ्या स्प्रिंग-सम्राटाचे सहाही होमरन ज्यांनी दिले, त्यांतला एकही पिचर पुढे २६ च्या रोस्टरवर (सीझनच्या मुख्य संघात) नव्हता.

मैदानाचाही भाग आहे. १५ संघ अ‍ॅरिझोनाच्या कॅक्टस लीगमध्ये आणि १५ फ्लोरिडाच्या ग्रेपफ्रूट लीगमध्ये. अ‍ॅरिझोनाची हवा कोरडी आणि उंची जास्त, तिथे चेंडू लांब जातो. तुमच्या सिममध्ये स्प्रिंगचे सामने कोणत्या मैदानांवर लावलेत ते सेटिंगमध्ये बघून घ्या आणि पुढे चला, यात फार वेळ घालवण्यात अर्थ नाही.

मग स्प्रिंगमध्ये बघायचं काय

खऱ्या बेसबॉलची दोन उदाहरणं सगळे देतात. मीही देतो, कारण सिमवाल्यांसाठी त्यांचा अर्थ जरा वेगळा निघतो.

२०१३ मध्ये जॅकी ब्रॅडली ज्युनियरने बोस्टन रेड सॉक्ससाठी स्प्रिंगमध्ये .४१९ मारले आणि थेट ओपनिंग डेच्या संघात जागा पटकावली. त्या सीझनमध्ये त्याची सरासरी .१८९ राहिली. २०१८ मध्ये शोहेई ओहतानी एंजल्सच्या पहिल्या स्प्रिंगमध्ये .१२५ मारत होता आणि पिचर म्हणून त्याचा ईआरए २७.०० होता. हा मायनर लीगमध्ये पाठवायचा माल आहे, असंही तेव्हा बोललं गेलं. सीझनअखेर .२८५, २२ होमरन, ३.३१ चा ईआरए आणि अमेरिकन लीगचा रूकी ऑफ द इयर.

आता फरक असा. ओहतानीने स्प्रिंगच्या शेवटी शेवटी पुढचा पाय उचलून फटका मारण्याची सवय सोडली आणि फक्त चवड्याने ताल धरायला सुरुवात केली. खरा माणूस मार्चमध्ये काहीतरी बदलत असतो, आणि कोचला ते डोळ्यांनी दिसतं. आपल्या सिममधला खेळाडू पाय उचलत नाही आणि खालीही ठेवत नाही. तो म्हणजे रेटिंगचा एक संच: काँटॅक्ट, गॅप, पॉवर, आय, स्ट्राइकआउट टाळणं, पिचर असेल तर स्टफ, मूव्हमेंट, कंट्रोल. इंजिन या संचावर फासे टाकतं. म्हणून "तो स्प्रिंगमध्ये नवा कर्व्हबॉल घोटवतोय, त्यामुळे मार खातोय" हे खऱ्या पिचरसाठी रास्त कारण आहे, सिममध्ये ती आपण स्वतःला सांगितलेली गोष्ट. नवा पिच त्याच्या पिचच्या यादीत दिसतोय का? नसेल तर नाही.

तेव्हा प्रश्न उलटा विचारायचा. "याने किती मारले" हा प्रश्न सोडा, "याच्यात काय बदललं" हा धरा. सिममध्ये बदल जिथे लिहिला जातो ती जागा आकड्यांची नाही, रेटिंगची.

मी करतो ते असं. स्प्रिंगच्या पहिल्या दिवशी ४० च्या रोस्टरची (मुख्य संघ आणि राखीव मिळून) आणि बोलावलेल्या बाकीच्यांची सगळी रेटिंग एका स्प्रेडशीटमध्ये काढून ठेवतो. शेवटच्या कटच्या आधी पुन्हा काढतो. शेजारी-शेजारी लावून फक्त जिथे फरक आहे त्या ओळी बघतो. पहिल्यांदा केलं तेव्हा गंमत झाली: .४०० वाल्याच्या ओळीत काहीच हललं नव्हतं, आणि .१८० मारणाऱ्या एका २१ वर्षांच्या शॉर्टस्टॉपचा काँटॅक्ट वर सरकला होता. मी बरोबर उलटी कापाकापी करायला निघालो होतो.

यात दोन खाचाखोचा. एक, रेटिंगची २०-८० ची पट्टी पाच-पाचाच्या टप्प्याने दिसत असेल तर ४५ चं ५० होणं म्हणजे मोठी झेप असेलच असं नाही. आतला खरा आकडा ४७ चा ४८ झाला असेल आणि गोलाई वरच्या बाजूला पडली असेल. दोन टप्पे हलले किंवा दोन-तीन रेटिंग एकाच दिशेने हलली तर मी दखल घेतो. एकच टप्पा असेल तर नोंद करतो आणि थांबतो.

दुसरी खोच मोठी आहे: तुम्ही बघता ते रेटिंग तुमच्या स्काउटचं (खेळाडू पारखणाऱ्याचं) मत असतं. स्काउटिंगची अचूकता कमी ठेवलेल्या लीगमध्ये तो चुकतो, आणि चांगलाच चुकतो. मग कोणी म्हणेल, स्काउटवर भरवसा नाही तर आकडेच बघायला हवेत. बरोबर, पण स्प्रिंगचे का? त्या खेळाडूने मागच्या वर्षी ट्रिपल-एमध्ये ५०० प्लेट अपिअरन्स खेळले असतील तर स्काउटला उलटतपासायला तो साक्षीदार कितीतरी चांगला. स्काउट आणि ट्रिपल-एचा सीझन एकमेकांशी भांडत असतील तेव्हाच मी स्प्रिंगचे स्ट्राइकआउट आणि वॉक तिसरा आवाज म्हणून ऐकतो. सोलोमध्ये स्काउटिंग बंद केलेल्या एका प्रतीत खरी रेटिंग उघडून आपला स्काउट किती पाण्यात आहे ते तपासता येतं. काहींना ही चीटिंग वाटते. मला ती एकदाच घ्यायची शिकवणी वाटते.

रेटिंग हलल्याशिवायही बघण्यासारखं बरंच आहे, पण त्यातलं काहीच सरासरीच्या रकान्यात नसतं. दुखापत. थकवा. ज्याला सेकंड बेसवरून थर्डवर हलवायचंय त्याला तिथे खेळवलं का, की ऑटो-लाइनअपने त्याला महिनाभर डीएच (फक्त फलंदाजी करणारा) ठेवलं? स्टार्टरच्या इनिंग वाढत गेल्या का? पहिल्या वेळेला दोन इनिंग, मार्चअखेर पाच-सहा, असा चढ हवा. तो सगळा महिना दोन-दोन इनिंगच टाकत राहिला असेल तर त्याचा ईआरए ०.९० असो की ९.००, तुमचा रोल सेट करायचा राहिलाय. हा दोष मात्र खराच आणि हमखास दुरुस्त होणारा, आणि गंमत म्हणजे नेमका हाच कोणी तपासत नाही.

शेवटचा कट

एवढं सगळं करूनही शेवटची एक-दोन जागा अडतेच. २५ जण ठरले, सव्विसाव्या जागेसाठी दोघे. इथे बहुतेक जण स्प्रिंगच्या सरासरीकडे वळतात, कारण समोर तेवढंच चमकत असतं.

मी ऑप्शनकडे वळतो. ज्याची ऑप्शन वर्षं शिल्लक आहेत (एकूण तीन मिळतात) त्याला ट्रिपल-एमध्ये पाठवलं तर तो तुमचाच राहतो. फलंदाज दहा दिवसांनी आणि पिचर पंधरा दिवसांनी परत आणता येतो, आणि कोणी जखमी झाला तर त्याच्याही आधी. ज्याची ऑप्शन संपली त्याला खाली पाठवायचं तर वेव्हर्समधून जावं लागतं, आणि तिथे दुसरा कोणीतरी हात घालतो. एक चूक दहा दिवसांत निस्तरता येते, दुसरी कधीच नाही. दोघांच्या रेटिंगमध्ये फार फरक नसेल तर निस्तरता न येणारी चूक टाळायची. माझा कॅचर असाच गेला. त्याच्याऐवजी ठेवलेल्या पोराची तीनही ऑप्शन शिल्लक होती आणि मला ते पान उघडून बघायचं सुचलं नाही.

आणखी एक सवय लागली आहे. फेब्रुवारीत, पहिला सामना व्हायच्या आधी, २६ जणांची यादी लिहून ठेवायची. मार्चमध्ये त्या यादीतलं नाव बदलायचं असेल तर समोर कारण लिहायचं, आणि कारणात सरासरी, होमरन, ईआरए हे शब्द वापरायचे नाहीत. "जखमी", "काँटॅक्ट दोन टप्पे वर", "ऑप्शन संपली", "थर्डवर खेळायला शिकला" हे चालतं. पहिल्या वर्षी माझ्या सात बदलांपैकी पाच बदलांना लिहिण्यासारखं कारणच सापडलं नाही.

यादी करूनही लाइनअप आपोआप बदलत असेल तर डेप्थ चार्ट आणि रोस्टर सहायकाच्या ताब्यात आहेत का ते बघा. खेळाडूंचं मूल्यमापन करताना एआय रेटिंगला किती वजन देतो आणि चालू वर्षाच्या आकड्यांना किती, ते लीगच्या सेटिंगमध्ये ठरवता येतं. आकड्यांचं वजन जास्त ठेवलं असेल तर तुम्ही शिकलेला धडा तो शिकलेला नसतो. पण दुसऱ्या बाजूने यात फायदाही आहे. ऑनलाइन लीगमध्ये तर असे माणूस मॅनेजरच भरपूर असतात, ज्यांची स्प्रिंगची यादी सरासरीप्रमाणेच लावलेली असते. तुमच्याकडचा .४०० वाला, ऑप्शन संपलेला, रेटिंग जागच्या जागी असलेला आउटफिल्डर विकायचा असेल तर मार्चचा शेवटचा आठवडा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तो फुकटही कोणी घेत नाही.

आणि हो, संघाच्या जय-पराजयाबद्दल कोणी विचारलंच तर: माझा सगळ्यात वाईट सीझन ज्या वर्षी झाला त्या वर्षी आम्ही स्प्रिंगमध्ये लीगमध्ये पहिले होतो. तो रकाना मी आता ईआरएच्या शेजारीच लपवलाय.